मराठी वाचायला ई-रीडर: आधी पुस्तकं ठरवा, मग यंत्र

ई-रीडर, म्हणजे फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र, घ्यायचा म्हटलं की आधी किमती बघितल्या जातात, मग मॉडेलं, मग सेलच्या तारखा. यंत्र घरी येतं, दोन इंग्रजी कादंबऱ्या वाचून होतात आणि मग प्रश्न पडतो, यावर मराठी कुठून आणायचं? हा क्रम उलटा हवा. फक्त इंग्रजी वाचणाऱ्याला बाजारातलं जवळजवळ कुठलंही यंत्र चालून जातं. मराठीचं तसं नाही. आपली डिजिटल पुस्तकं चार ठिकाणी, चार निरनिराळ्या रूपांत विखुरलेली आहेत आणि एकच यंत्र त्या सगळ्यांना सारखं पेलत नाही. म्हणून हा लेख यंत्रांपासून नव्हे, पुस्तकांपासून सुरू होतो. त्याआधी पडद्याविषयी थोडं, कारण पुढचे बरेच निर्णय त्यावर उभे आहेत.

हा पडदा मोबाईलसारखा का नाही

ई-रीडरचा पडदा ई-इंकचा, म्हणजे 'इलेक्ट्रॉनिक शाई'चा असतो. त्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात पांढरे व काळे कण. दोन्ही कणांवर विरुद्ध विद्युतभार असतो, त्यामुळे खालून भार दिला की त्यांतले एका रंगाचे कण वर येतात, दुसरे तळाशी जातात. अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या संशोधनातून १९९७ साली या तंत्राची कंपनी निघाली. सोनीने २००४ मध्ये जपानात असा पहिला ई-रीडर विकायला आणला आणि नोव्हेंबर २००७ मध्ये ॲमेझॉनचं किंडल आलं.

एकदा कण जागेवर बसले की ते तसेच राहतात, वीज लागत नाही. वीज खर्च होते ती पान उलटताना, आणि अर्थात वायफाय व दिव्यासाठी. पडदा स्वतः उजेड फेकत नाही, छापील पानासारखा बाहेरचा उजेड परतवतो. त्यामुळे उन्हात गच्चीवर मोबाईल काळा पडतो तिथे हा उलट अधिक स्वच्छ दिसतो. रात्रीसाठी असलेले दिवे पडद्याच्या कडेला असतात आणि त्यांचा उजेड डोळ्यांकडे नाही, पानाकडे जातो.

तोटेही याच रचनेतून येतात. कण हलायला वेळ लागतो, म्हणून स्क्रोलिंग अडखळतं आणि व्हिडिओचं नाव काढू नये. मागच्या पानाची फिकट सावली कधीकधी राहते. तो बिघाड नाही. सेटिंगमध्ये 'प्रत्येक पानाला रिफ्रेश' चालू केलं की ती जाते, बॅटरी मात्र थोडी जास्त खर्च होते.

बॅटरीच्या जाहिरातीबद्दल एक हिशेब करून ठेवा. 'सहा आठवडे' याच्या खाली बारीक अक्षरांत अट असते: रोज अर्धा तास वाचन, वायफाय बंद, दिवा १३ व्या पातळीवर. म्हणजे प्रत्यक्षात झाले २१ तास. रोज दोन तास वाचणाऱ्याला दहा-अकरा दिवस. तरी मोबाईलच्या मानाने चैनच म्हणायची.

पायरी १: दहा पुस्तकांची यादी

येत्या सहा महिन्यांत वाचायची आहेत अशी दहा पुस्तकं कागदावर लिहा. प्रत्येकापुढे ते डिजिटल रूपात कुठे मिळतं ते शोधून मांडा. बहुतेक पुस्तकं पुढच्या चार ढिगांपैकी एकात पडतील.

पहिला ढीग किंडल स्टोअरचा. तिथे २०१६ च्या अखेरीपासून मराठीला अधिकृत जागा आहे. मोठ्या प्रकाशकांची बरीच पुस्तकं आहेत, पण एकाच लेखकाची चार असतील आणि पाचवं नसेल, असं सर्रास होतं. खरेदीआधी 'नमुना' मागवा. काही पुस्तकांत टंकच बिघडलेला असतो आणि तो पहिल्या दहा पानांत कळतो.

दुसरा ढीग बुकगंगासारख्या मराठी दुकानांचा. इथली ई-पुस्तकं त्या दुकानाच्या ॲपमध्येच उघडतात. किंडलवर ती चालत नाहीत आणि कॅलिबर या ई-पुस्तकं हाताळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घालून काही उपयोग नाही. यादीतली सहा-सात पुस्तकं इथेच असतील तर तुम्हाला अँड्रॉइडवर चालणारा ई-इंक टॅबलेट लागेल, उदाहरणार्थ बूक्स कंपनीचा. प्ले स्टोअरमधून ॲप टाकायचं आणि वाचायचं. ही यंत्रं महाग असतात आणि त्यांची बॅटरीही किंडलच्या मानाने लवकर उतरते. पण चुकीच्या यंत्रावर पैसे घालवण्यापेक्षा हे परवडतं.

तिसरा ढीग फुकट पीडीएफचा, आणि मराठीत हाच सर्वांत श्रीमंत आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशनं, ई-साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं, शिवाय जुन्या ग्रंथांचे स्कॅन. सर्वांत जास्त डोकेदुखीही याच ढिगाची, म्हणून त्याला खाली वेगळी पायरी दिली आहे.

चौथा ढीग युनिकोड ईपबचा, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या मराठी अक्षरांत टंकलेल्या खुल्या ई-पुस्तक फाइलींचा: मराठी विकिस्रोत या खुल्या ग्रंथालयावर दुरुस्त झालेली पुस्तकं, काही प्रकाशक स्वतः देतात ती. हा ढीग सर्वांत लहान, पण जवळजवळ कुठल्याही यंत्रावर सुखाने चालणारा.

जुनी पुस्तकं फुकट घेताना नियम लक्षात असू द्या. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षारंभापासून मोजून ६० वर्षं हक्क राहतो. ह. ना. आपटे १९१९ साली वारले, तेव्हा त्यांचं लेखन केव्हाच मुक्त झालं आहे. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, त्यांच्या पुस्तकांवर २०६० च्या अखेरपर्यंत हक्क आहे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या त्यांच्या पीडीएफ चोरीच्या आहेत, कितीही 'फॉरवर्डेड' असल्या तरी.

पायरी २: पडदा किती मोठा

इथे टेप घेऊन बसा. सहा इंची पडदा म्हणजे सुमारे ९ बाय १२ सेंटिमीटर. ईपब किंवा किंडलचं पुस्तक असेल तर आकाराने फार बिघडत नाही, कारण मजकूर पडद्याप्रमाणे नव्याने वाहतो आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. पीडीएफचं पान मात्र ठोकळा असतो, आख्खं लहान किंवा आख्खं मोठं होतं.

मराठी पुस्तकाचं नेहमीचं डेमी पान साडेपाच बाय साडेआठ इंच. समास कापला तरी सहा इंची पडद्यावर १२ पॉइंटचं अक्षर साधारण ८ पॉइंटचं होतं. ए-फोर पान समासासकट घेतलं तर तेच ५ पॉइंटवर येतं, म्हणजे औषधाच्या चिठ्ठीवरचा मजकूर. देवनागरीत हे जास्त जाचतं, कारण वेलांटी, रफार आणि अनुस्वार आधीच बारीक असतात. ७.८ इंची पडद्यावर डेमी पान कापून नीट वाचता येतं. १०.३ इंचीवर ते जवळपास मूळ मापाचं दिसतं आणि ए-फोरही सोसवतं.

म्हणून पहिला किंवा चौथा ढीग मोठा असेल तर सहा-सात इंच पुरे, तिसरा मोठा असेल तर ७.८ च्या खाली उतरू नका. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पण मोठं पान आणि रंगीत चित्रं यांमुळे लहान काळ्या-पांढऱ्या पडद्यावर ती निरुपयोगी ठरतात. मुलांच्या अभ्यासासाठी साधा टॅबलेटच घ्या. दिवाळी अंकांचंही तेच, दोन रकाने आणि मधे जाहिराती.

पडद्याची घनता इंचाला ३०० ठिपके असावी. त्याखाली जोडाक्षरांच्या कडा फुटतात. मोठ्या पडद्यांवर ती बऱ्याचदा २२७ असते, तिथे अक्षर मोठं असल्याने चालून जातं. किंडल भारतात कधी मिळतं, कधी साठा संपलेला असतो. कोबो हा दुसऱ्या कंपनीचा ई-रीडर परदेशात राहणाऱ्यांना सोपा पडतो. तिकडून कुणाकडून मागवणार असाल तर वॉरंटी कोणत्या देशात चालेल ते आधी विचारून घ्या.

पायरी ३: पहिली संध्याकाळ

खोकं उघडल्यावर आधी पूर्ण चार्ज करा. साधा ५ वोल्टचा चार्जर पुरतो, फोनचा वेगवान चार्जर लावून फारसा वेळ वाचत नाही. मग वायफाय जोडून सॉफ्टवेअर अद्ययावत होऊ द्या आणि त्यानंतरच पुस्तकं भरा.

किंडल असेल तर खातं कोणत्या देशाचं आहे ते पाहा. पुणेकराचं भारतीय खातं आणि त्याच्या न्यू जर्सीतल्या मुलीचं अमेरिकी खातं यांना दिसणारी दुकानं वेगळी असतात. पुस्तकं विकत घेण्याआधीच हे ठरवावं, खातं मागाहून हलवणं किचकट आहे.

त्यानंतर खात्याच्या सेटिंगमध्ये यंत्राचा ईमेल पत्ता शोधा आणि तुमचा नेहमीचा ईमेल 'मान्य प्रेषकां'च्या यादीत घाला. हे राहिलं की पाठवलेली फाइल येत नाही आणि नवखा माणूस यंत्राला दोष देत बसतो. ईमेलने ५० एमबीपर्यंत आणि 'सेंड-टू-किंडल' या ॲमेझॉनच्या फाइल पाठवण्याच्या संकेतस्थळावरून २०० एमबीपर्यंतची फाइल जाते. २०२२ पासून ईपब थेट पाठवता येतं, जुनं मोबी रूप मात्र आता विसरा. पीडीएफ पाठवताना विषयाच्या जागी 'कन्व्हर्ट' लिहायचा सल्ला जालावर जागोजागी आहे. मराठीसाठी तो अजिबात पाळू नका. कारण पाचव्या पायरीत.

पायरी ४: कॅलिबर आणि अक्षरांची परीक्षा

संगणकावर कॅलिबर हा मोफत प्रोग्रॅम टाका. सोनीचा ई-रीडर लिनक्स या मोफत संगणकप्रणालीवर चालवता यावा म्हणून कोविद गोयल यांनी २००६ साली तो लिहायला घेतला, आज ई-पुस्तकवाल्यांचं पान त्याच्याशिवाय हलत नाही. पुस्तक कॅलिबरमध्ये ओढून टाका, 'मेटाडेटा संपादन' उघडा, नाव व लेखक देवनागरीत नीट भरा आणि भाषेच्या जागी मराठी निवडा. ही भाषेची खूण शोभेची नाही. मराठीतला ल आणि श हिंदीतल्यापेक्षा वेगळे दिसतात, आणि काही फॉन्ट ही खूण पाहूनच कोणतं रूप द्यायचं ते ठरवतात.

आता एक छोटी परीक्षा. साध्या फाइलमध्ये ही ओळ टंकून ईपब करा आणि यंत्रावर उघडा: 'दऱ्या, दर्या, तऱ्हा, वाङ्मय, उच्छ्वास, द्वंद्व, कृष्ण, ज्ञान, धर्मार्थ, किती, ॲप.' दऱ्या आणि दर्या सारखेच दिसले तर यंत्राला आपला चंद्रकोरी र येत नाही. वाङ्मयात पाय मोडलेला ङ दिसला तर ते सहन करता येतं. 'ॲ'च्या जागी चौकोन आला तर फॉन्ट जुना आहे, कारण हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. पण ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे पडली किंवा सगळीकडे हलन्त दिसू लागले, तर वाचनप्रणालीलाच देवनागरीची जोडणी कळत नाही, फॉन्ट बदलून काही होणार नाही. कोबोवर असं दिसलं तर तेच पुस्तक 'केपब' या कोबोच्या खास रूपात घालून पाहा, त्याला यंत्र वेगळ्या इंजिनाने दाखवतं. नाहीतर केओरीडर हा वाचनाचा मुक्त प्रोग्रॅम टाका. कोबो, पॉकेटबुक कंपनीचे ई-रीडर आणि अँड्रॉइड यांवर तो सहज बसतो. किंडलवर त्यासाठी यंत्राचं कुलूप तोडावं लागतं, नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

फॉन्टसाठी टिरो देवनागरी मराठी किंवा नोटो सेरिफ देवनागरी घ्या, दोन्ही मोफत आहेत. टिरोच्या मराठी आवृत्तीत आपले ल-श मुळातच आहेत. यंत्र केबलने जोडून सर्वांत वरच्या पातळीवरच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमध्ये फॉन्टची टीटीएफ फाइल टाकायची, साधी आणि असेल तर ठळकही. मेन्यूत फॉन्ट दिसूनही पुस्तकाला लागत नसेल, तर कॅलिबरमध्ये रूपांतर करताना 'फॉन्ट कुटुंब अंतर्भूत करा' हा पर्याय निवडा, किंडलसाठी एझेडडब्ल्यू-३ रूपातली फाइल बनवून केबलने टाका आणि यंत्रावर 'प्रकाशकाचा फॉन्ट' निवडा. २०२४ पासूनची किंडल मॅकला जोडली तर पेनड्राइव्हसारखी दिसत नाहीत, तिथे फाइल हलवण्यासाठी वेगळं ॲप लागतं. विंडोजवर ही अडचण नाही.

ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा एक पायरी जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडतात. दोन्ही कडा सरळ करण्याऐवजी डावी कड धरा. लांब सामासिक शब्द तुटत नाहीत, मग यंत्र शब्दांमध्ये मोठमोठ्या खिंडी पाडतं.

पायरी ५: पीडीएफशी झटापट

पीडीएफ संगणकावर उघडा, एक ओळ निवडा, नोटपॅडमध्ये चिकटवा. तीनपैकी एक गोष्ट घडेल. काहीच निवडलं गेलं नाही, तर तो स्कॅन. निवडलं गेलं पण चिकटवल्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसला, तर पुस्तक श्रीलिपी, कृतीदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेलं आहे. दिसायला मराठी, पोटात भलतंच. तिसरी शक्यता, खरंच मराठी आलं. इथेही लगेच हुरळू नका. पीडीएफमध्ये अक्षरं बोलण्याच्या क्रमाने नव्हे, दिसण्याच्या क्रमाने बसवलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी आधी, व्यंजन नंतर. रफार तर कुठेही. म्हणून रूपांतर केलं की 'किती'चं काहीतरी भलतंच होतं. विषयात 'कन्व्हर्ट' लिहू नका ते यासाठी.

नवख्यासाठी सर्वांत सरळ उपाय म्हणजे अक्षरं ओळखायच्या भानगडीत न पडता पानाला चित्र समजायचं. के-टू-पीडीएफ-ऑप्ट हा मोफत प्रोग्रॅम नेमकं हेच करतो: समास कापतो, ओळी व शब्दांमधल्या मोकळ्या जागा शोधतो आणि शब्दांची चित्रं मोठी करून पडद्याच्या रुंदीत नव्याने मांडतो. देवनागरीत शिरोरेषेमुळे आख्खा शब्द एकसंध राहतो, त्यामुळे शब्द मधेच चिरला जात नाही. यादीतून आपलं यंत्र निवडा, आधी फक्त पाच पानांवर चालवून पाहा, मग पूर्ण पुस्तक घ्या. कवितासंग्रह आणि तक्ते असलेल्या पुस्तकांना हे लावू नका, ओळी मोडतात. त्यांच्यासाठी फक्त समास कापा आणि यंत्र आडवं धरा. केओरीडरमध्ये हीच सोय आतच आहे, 'रीफ्लो' नावाने.

पुस्तक कायमचं सुधारायचं असेल तर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. पानं ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), करड्या छटेत स्कॅन करा आणि टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅमला भाषा मराठी सांगा. मग डोळ्यांत तेल घालून तपासा. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांची अदलाबदल होते, अनुस्वार गळतात. जुनी शिळाप्रेस किंवा मोडी असेल तर हा नाद सोडा.

काय बिघडतं

सर्वांत जास्त यंत्रं मरतात ती पिशवीत. पडद्यामागे पातळ काच असते. डबा, पाण्याची बाटली किंवा लोकलमधल्या गर्दीचा दाब पडला की ती आतून तडकते. वरून ओरखडाही दिसत नाही, पण अर्ध्या पडद्यावर रेघा गोठून राहतात. नवा पडदा घालण्याचा खर्च बहुधा नव्या यंत्राच्या जवळ जातो. कडक पुठ्ठ्याचं कव्हर पहिल्याच दिवशी घ्या, मऊ थैली कामाची नाही.

एकदम तीनशे पुस्तकं कॉपी केली की यंत्र तापतं, मंदावतं आणि बॅटरी एका दिवसात उतरते. आत प्रत्येक शब्दाची सूची बनत असते. पंधरा-वीस पुस्तकं टाका, रात्रभर चार्जिंगला ठेवा, मग पुढची. एखाद्या सदोष फाइलवर ही सूची अडकते, तेव्हा शेवटी टाकलेली फाइल काढून बघा.

सेंड-टू-किंडलने गेलेल्या पुस्तकात मराठीच्या जागी विचित्र चिन्हं आली, तर आतल्या फाइलींवर यूटीएफ-८ या अक्षरसंकेताची नोंद नाही. कॅलिबरमध्ये ईपबचं पुन्हा ईपब करा आणि परत पाठवा. फाइल नाकारली गेली आणि ई-९९९ असा काही संदेश आला, तरी पहिला उपाय हाच.

पडदा गोठला तर बटण ४० सेकंद दाबून धरा, १० नव्हे. दोन-तीन महिने कपाटात पडलेलं यंत्र चार्जरला लावल्यावर लगेच जागं होत नाही. काही तास द्या. जलरोधक म्हणून विकलेलं यंत्र गोड्या पाण्यात २ मीटरवर तासभर तगतं, समुद्राच्या पाण्यात मात्र पाव मीटरवर ३ मिनिटं. तेव्हा तारकर्लीला किनाऱ्यावर वाचा, पाण्यात नेऊ नका.

पुढे काय, आणि आज त्यासाठी काय करायचं

रंगीत ई-इंक आली आहे, किंडलचीही २०२४ मध्ये आली. पण सध्याच्या पडद्यांवर रंगासाठी वर एक गाळणी बसवलेली असते. काळ्या मजकुराला ३०० ठिपके मिळाले तरी रंगाला १५० च मिळतात आणि पान करडं दिसतं. मराठी गद्यासाठी काळा-पांढराच घ्या. दुरुस्तीच्या बाजूने बातमी चांगली आहे, कोबोने २०२४ च्या यंत्रांपासून आयफिक्सिट या दुरुस्तीच्या कंपनीबरोबर सुटे भाग आणि दुरुस्तीच्या सूचना द्यायला सुरुवात केली.

मालकीचं चित्र उलट दिशेने चाललं आहे. २००९ साली ॲमेझॉनने हक्काच्या वादावरून ग्राहकांच्या यंत्रांतून विकलेली पुस्तकं परस्पर काढून घेतली होती. २६ फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेलं किंडल पुस्तक संगणकावर उतरवून केबलने टाकण्याची सोयही बंद झाली. जे ईपब तुमच्या हातात फाइल म्हणून आहे, त्याची एक प्रत संगणकावर आणि एक वेगळ्या डिस्कवर ठेवा. प्रकाशक थेट ईपब विकत असेल तर दोन पैसे जास्त देऊन तिथून घ्या.

चौथा ढीग वाढवणं मात्र वाचकाच्या हातात आहे. मराठी विकिस्रोतावर खातं उघडा. एका बाजूला स्कॅन केलेलं पान दिसतं, दुसऱ्या बाजूला ओसीआरचा मजकूर. चुका सुधारून जतन केलं की पान लालाचं पिवळं होतं, दुसऱ्या कुणी ते तपासलं की हिरवं. पहिल्यांदा आठ-दहा ओळींचं, कविता किंवा तळटिपा नसलेलं पान निवडा. पुस्तक पूर्ण झालं की पानावरच्या दुव्याने ईपब उतरवा आणि आपल्या यंत्रावर वाचा. पडद्यावर वाचताना आणखी चार चुका दिसतील. त्या पेन्सिलीने टिपून ठेवा आणि परत जाऊन दुरुस्त करा.